पाटी लावायला परवाना लागत नाही

उद्या सकाळी तुम्ही दारावर ‘इंटिरिअर डिझायनर’ अशी पाटी लावलीत, तर ती उतरवायला कुणी येणार नाही. त्यासाठी पदवी लागत नाही, परीक्षा लागत नाही, कुठल्या नोंदवहीत नाव असावं लागत नाही. आर्किटेक्टचं तसं नाही. 1972 च्या वास्तुविशारद कायद्यानुसार कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी नसताना ‘आर्किटेक्ट’ म्हणवून घेणं हा दंडनीय गुन्हा आहे. मार्च 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याचा अर्थ लावताना सांगितलं की तो उपाधी राखून ठेवतो, काम नाही. म्हणजे नोंदणी नसलेल्या माणसाला आराखडे करण्यापासून रोखायला तो पुरत नाही. पण निदान उपाधीला तरी कुंपण आहे. इंटिरिअर डिझायनरला तेही नाही.

सरकारला हा व्यवसाय ठाऊकच नाही, असं मात्र नव्हे. 1961 च्या आयकर कायद्यातल्या कलम 44एए मध्ये वकील, डॉक्टर, इंजिनिअर, आर्किटेक्ट आणि अकाउंटंट यांच्या पंगतीला ‘इंटिरिअर डेकोरेशन’ नावानिशी बसवलेलं आहे. ज्यांनी हिशेबाच्या वह्या ठेवल्याच पाहिजेत, अशा व्यवसायांची ती यादी. परवाना द्यायला कुणी नाही, हिशेब मागायला मात्र आहे! अमेरिकेत 1970 च्या दशकापासून एनसीआयडीक्यू ही पात्रता परीक्षा घेतली जाते आणि काही राज्यांत नोंदणीसाठी ती लागते. आपल्याकडे 1972 मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन इंटिरिअर डिझायनर्स ही संस्था स्थापन झाली. तिचं मुख्यालय मुंबईत आहे, शाखा बंगळुरूतही आहे. पण तिचं सभासदत्व ऐच्छिक. सभासद नसलेल्या माणसाचं काम त्यावाचून अडत नाही.

कायदा पाठीशी उभा नाही म्हटल्यावर लाखो रुपये हाती देणारा गृहस्थ विश्वास कशावर ठेवणार? ओळखीवर, आधीच्या कामावर आणि कागदावर. पहिल्या दोन गोष्टी नवख्या मुलामुलींकडे नसतात. उरतो कागद. इंटिरिअरच्या अभ्यासक्रमातला ‘प्रोफेशनल प्रॅक्टिस’ हा विषय खरं तर या कागदाचा आहे, आणि बहुतेक विद्यार्थी तो शेवटच्या वर्षी, परीक्षेच्या आदल्या रात्री वाचतात. चार वर्षं ज्युरीला दाखवायची ड्रॉइंग्ज काढलेली असतात. ती पाहायची असतात. बाहेर पडल्यावर जे ड्रॉइंग काढायचं, त्यावरून सुताराला प्लाय कापायचा असतो, कंत्राटदाराला बिल लावायचं असतं आणि भांडण झालंच तर दोन्ही बाजूंनी त्याच कागदाकडे बोट दाखवायचं असतं.

इथून पुढे बंगळुरूबद्दल लिहायचं कारण असं की गेल्या दहा-बारा वर्षांत हा व्यवसाय तिथे जितका उलटापालटा झाला, तितका देशात दुसरीकडे क्वचितच झाला असेल. बेळगाव, निपाणी, मिरज, सांगलीकडची मुलं राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने रात्री निघून सकाळी तिथे उतरतात. पुण्या-मुंबईचीही जातात. काही शिकायला: येलहंकाची सृष्टी ही गीता नारायणन यांनी 1996 मध्ये सुरू केलेली संस्था आहे, शिवाय पदवी आणि पदविका देणारी खासगी कॉलेजं गल्लोगल्ली आहेत. पण बहुतेक जण नोकरीसाठी जातात, कारण नोकऱ्या तिथे आहेत.

2014 मध्ये बंगळुरूत लिव्हस्पेस आणि होमलेन या दोन कंपन्या सुरू झाल्या, त्यांच्यापाठोपाठ डिझाइन कॅफे आली. यांनी केलं काय, तर ‘इंटिरिअर करून घेणं’ या कटकटीच्या व्यवहाराचे तुकडे पाडले. गिऱ्हाईक संकेतस्थळावरून येतं. डिझायनर कंपनीच्याच सॉफ्टवेअरमध्ये ठरलेल्या मापांची कपाटं मांडून दाखवतो. किंमत तिथल्या तिथे निघते. माल कारखान्यात कापला जातो आणि बसवणारी टोळी वेगळीच असते. फेब्रुवारी 2022 मध्ये केकेआर या गुंतवणूक कंपनीच्या पुढाकाराने लिव्हस्पेसमध्ये 18 कोटी डॉलर आले आणि तिचं मूल्य एक अब्ज डॉलरच्या वर गेलं. 2024 मध्ये होमलेनने डिझाइन कॅफे विकत घेतली.

या कंपन्यांविषयी कॉलेजांतून नाक मुरडलं जातं. मला ते पटत नाही. हातात पदवी आणि खिशात दोन महिन्यांचं भाडं असलेल्या मुलीला तिथे ज्या वेगाने गिऱ्हाइकं भेटतात, त्या वेगाने कुठल्याही छोट्या स्टुडिओत भेटणार नाहीत. ‘बजेट किती’ हा प्रश्न न अडखळता विचारायला ती शिकते. नवराबायकोचं स्वयंपाकघरावरून एकमत होत नसताना बैठक कशी पुढे न्यायची, हे शिकते. मात्र त्या नोकरीत डिझायनर हा बऱ्याच अंशी विक्रेता असतो. महिन्याला ठरावीक रकमेच्या ऑर्डरी आणाव्या लागतात, पगाराचा काही भाग त्यावर अवलंबून असतो आणि साइट दिसते ती मोजमाप घेताना व घर ताब्यात देताना. मधलं सगळं दुसऱ्याच विभागाकडे. दोन-तीन वर्षं अशी गेली की माणूस सराईत होतो. पण भिंत सरळ नसेल तर कपाट कसं बसवायचं हे त्याला सांगता येत नाही. मुलाखतीला जाल तेव्हा एवढं जरूर विचारा: काम चालू असताना साइटवर जायला मिळेल का?

दुसरं दार ऑफिसांचं. बंगळुरू हे देशातलं सर्वांत मोठं ऑफिसभाड्याचं शहर आहे आणि भाड्याने घेतलेला प्रत्येक मजला आतून बांधावा लागतो. या कामात घरासारखी हौस नसते, पण शिस्त असते. गिऱ्हाइकाच्या वतीने देखरेख करणारी प्रोजेक्ट मॅनेजमेंट कंपनी वेगळी, डिझाइन करणारे वेगळे, किंवा डिझाइन आणि बांधकाम दोन्ही अंगावर घेणारी एकच कंपनी. जीएफसी, म्हणजे ‘बांधायला योग्य’ असा शिक्का बसल्याशिवाय ड्रॉइंग साइटवर उतरत नाही. प्रत्येक सुधारणेला क्रमांक आणि तारीख. कंत्राटदाराचं चालू बिल जागेवर मोजून मगच मंजूर. ज्याला कागदाची शिस्त लवकर अंगी बाणवायची आहे, त्याने पहिली दोन वर्षं इथे काढावीत, असं माझं मत आहे. शिवाय दुकानांचंही एक जग आहे. टायटन बंगळुरूची, कॅफे कॉफी डेचं पहिलं दुकान 1996 मध्ये तिथल्याच ब्रिगेड रोडवर निघालं. एकच रचना वेगवेगळ्या गावांतल्या वेगवेगळ्या गाळ्यांत बसवत नेणं ही निराळीच कला आहे आणि तिला कॉलेजात फारसं कुणी विचारत नाही.

आता कागदाकडे येऊ. उदाहरण साधं घेऊ: बेडरूममधलं एक कपाट, 7 फूट रुंद, 7 फूट उंच. बाजारात कपाट समोरच्या बाजूच्या क्षेत्रफळावर मोजतात, म्हणजे 49 चौरस फूट. समजा दर ठरला 1,600 रुपये. रक्कम झाली 78,400. त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 14,112. एकूण 92,512 रुपये. नवखा डिझायनर कोटेशनमध्ये लिहितो, ‘वॉर्डरोब, 7 बाय 7, लॅमिनेट फिनिश’ आणि शेवटचा आकडा. गिऱ्हाईक हो म्हणतं. इथे भांडणाची सगळी तयारी झालेली आहे.

कारण वर छतापर्यंत आणखी 2 फूट जागा उरते आणि घरातल्या बाईंनी गृहीत धरलेलं असतं की माळा त्यातच आला. कंत्राटदाराच्या मते तो 14 चौरस फुटांचा वेगळा विषय आहे. आत ड्रॉवर किती? कुलूप किती खणांना? बिजागऱ्या साध्या की आपोआप हळू मिटणाऱ्या, आणि कुठल्या कंपनीच्या? आतून लॅमिनेट 0.8 मिलिमीटरचं की नुसता पातळ लायनर? आरसा धरला आहे का? मूठ कुणी आणायची? प्लाय कुठला? ‘वॉटरप्रूफ’ हा दुकानदाराचा शब्द झाला. भारतीय मानकांत आयएस 303 हे सर्वसाधारण वापराच्या प्लायवुडचं आणि आयएस 710 हे मरीन प्लायवुडचं. कोटेशनमध्ये मानकाचा क्रमांक, जाडी आणि कंपनी लिहिली की निम्मे वाद जन्मालाच येत नाहीत. अशा सविस्तर यादीला बीओक्यू म्हणतात: काय, किती, कोणत्या प्रतीचं, कोणत्या दराने. आणि तिच्या शेवटी एक परिच्छेद असा हवा की यात काय *नाही*: रंगकाम नाही, दिवे नाहीत, जुनं कपाट काढून नेणं नाही. माझ्या मते नवोदिताने सर्वांत आधी हा परिच्छेद लिहायला शिकावं.

याच कपाटात डिझाइनचाही एक धडा आहे आणि तो पडद्यावर दिसत नाही. प्लायचा शीट 8 बाय 4 फुटांचा, म्हणजे 2440 बाय 1220 मिलिमीटर. 4 फुटांची रुंदी मधोमध कापली की जवळजवळ 2-2 फुटांच्या दोन पट्ट्या निघतात. करवतीची रुंदी तेवढी वजा. कपाटाची खोली 2 फूट धरण्याची पद्धत हँगरच्या मापाशी जुळते, हे सगळ्यांना माहीत असतं. ती शीटच्या मापाशीही जुळते, हे सुताराला माहीत असतं. हौसेने तुम्ही खोली 26 इंच दाखवलीत, तर एका शीटमधून बाजूची एकच पट्टी निघते. उरलेली 22 इंचांची पट्टी एखाद्या फळीला किंवा ड्रॉवरला लागेल, बाजूंना नाही. दोन इंचांपायी प्लायचं बिल फुगतं आणि सुतार तुमच्याकडे अशा नजरेने पाहतो की विचारू नका. सरकत्या दाराच्या कपाटाला खोली जास्तच लागते. तिथे हा खर्च आधी सांगून टाकायचा असतो. रेंडर कितीही देखणा असला तरी हे गणित त्यात नसतं. हल्ली तर एआय क्षणात दहा देखणे रेंडर काढून देतं. त्यामुळे नुसत्या रेंडरवर नोकरी मिळण्याचे दिवस सरत आले आहेत, हे आजच्या विद्यार्थ्याने ओळखलेलं बरं.

साइट हा दुसरा गुरू. बिल्डरने दिलेल्या नकाशावर विसंबून कपाट कारखान्यात कापायला टाकू नये, हे सगळे सांगतात; का, ते कमी जण सांगतात. रेरा कायद्याने 2016 मध्ये कार्पेट एरियाची व्याख्या केली, तिच्यात आतल्या भिंतींची जाडी धरलेली आहे. म्हणजे टेपने मोजलेली फरशी विक्रीकरारातल्या आकड्यापेक्षा कमीच भरणार. त्यावर गिलाव्याची जाडी, बीमचा उतार, कोपऱ्याचा काटकोन चुकलेला. खोलीचे दोन्ही कर्ण मोजायचे. ते सारखे आले नाहीत, तर खोली काटकोनात नाही.

नव्या उंच इमारतींत आणखी एक गोष्ट आहे. पुण्या-मुंबईसारख्याच बंगळुरूच्या अनेक टॉवरमध्ये ‘मिवान’ पद्धतीचं बांधकाम असतं: अॅल्युमिनियमच्या साच्यांत भिंती आणि स्लॅब एकत्रच ओतलेले. तिथली आतली भिंतसुद्धा सळयांसकट काँक्रीटची. विटांच्या भिंतीत चर मारून स्विच हलवता येतो, तसा इथे हलवता येत नाही. ती भिंत इमारतीचा भार वाहत असते. टीव्हीची जागा बदलायची तर वायर पॅनेलमागून न्यायची किंवा फॉल्स सीलिंगमधून. हे पहिल्या बैठकीत सांगितलं तर ते ज्ञान ठरतं, काम सुरू झाल्यावर सांगितलं तर सबब. तीच गत स्प्रिंकलरची. सीलिंग खाली घेताना ते झाकून टाकले तर आग लागल्यावर त्यांचा उपयोग शून्य. 2016 च्या राष्ट्रीय इमारत संहितेत अग्निसुरक्षेचा अख्खा भाग आहे, तो एकदा तरी उघडून पाहावा. स्वयंपाकघरात पाइपचा गॅस असेल, तर त्याची कळ हाताला येईल अशी आणि हवेशीर राहिली पाहिजे. सुबक बंद कपाटात ती दडवणारी ‘कल्पकता’ धोक्याची.

आणि ओटा! पुस्तकात उंची छापलेली असते, साधारण 850 मिलिमीटर. घरात स्वयंपाक करणारी आजी पाच फुटांहून कमी, मुलगा पावणेसहा फूट, आणि खाली डिशवॉशर बसवायचा आहे. यंत्र कुणाच्या उंचीकडे पाहत नाही. अनेक डिशवॉशरना ओट्याखाली 82 ते 87 सेंटिमीटरची जागा लागते आणि ग्रॅनाइटची जाडी त्यावर वेगळी. मग ओटा दोन उंचींचा करायचा की यंत्र शेजारच्या युटिलिटीत न्यायचं? बंगळुरूच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराला लागून ही धुण्याभांड्यांची जागा बहुधा असतेच, मुंबईतल्या ड्राय बाल्कनीची ऐसपैस बहीण. असे निर्णय घरच्यांशी बोलूनच होतात. वास्तुशास्त्राचंही तसंच. देवघर ईशान्येला आणि शेगडी आग्नेयेला हवी, हा आग्रह तिथे पदोपदी भेटतो. त्यावर वाद घालण्यात वेळ घालवू नये; पण त्यासाठी सांडपाण्याची वाहिनी हलवावी लागत असेल, तर तिचा खर्च आणि खालच्या मजल्यावर गळतीची शक्यता लेखी द्यावी.

अपार्टमेंट असोसिएशनचे नियम हा कॉलेजात न शिकवला जाणारा आणखी एक धडा. ठोकाठोकीच्या वेळा ठरलेल्या, रविवारी बहुधा काम बंद, आधी अनामत रक्कम, सुतारांची ओळखपत्रं, कोणती लिफ्ट वापरायची, राडारोडा कुठे टाकायचा. चाळीस दिवसांचं वेळापत्रक करताना यातले सुट्टीचे दिवस वजा केले नाहीत, तर ते पहिल्याच आठवड्यात कोसळतं.

हे सगळं शिकायचं कुठे? बंगळुरूच्या विद्यार्थ्याला मी मेट्रोची हिरवी मार्गिका दाखवीन. तिच्या उत्तर टोकाला मादावर स्थानक आहे, नोव्हेंबर 2024 पासून सुरू झालेलं. तिथेच प्रदर्शन केंद्रात दर दोन वर्षांनी इंडियावुड हे लाकूडकामाच्या यंत्रांचं आणि साहित्याचं मोठं प्रदर्शन भरतं. कडांना पट्टी चिकटवणारं यंत्र समोर चालताना पाहिलं की मॉड्युलर कपाट का स्वस्त पडतं आणि कुठे कमी पडतं, हे दोन्ही कळतं. अलीकडे नागसंद्र, स्थानकाला लागूनच जून 2022 मध्ये उघडलेलं आयकिया. तिथे खरेदी करण्यापेक्षा टेप घेऊन जावं. चारशे-पाचशे चौरस फुटांची नमुना घरं त्यांनी कशी भरली आहेत, खुर्चीमागे किती वाट सोडली आहे, ते मोजून वहीत उतरवावं. पुढे पीण्या, कारखान्यांची प्रचंड वसाहत. मल्लेश्वरमला लाकूड विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्था आहे आणि तिच्याकडे लाकडांच्या नमुन्यांचा संग्रह आहे. साग कुठला आणि सागासारखं दिसणारं कुठलं, हे एकदा हातात घेऊन पाहावं. मग मॅजेस्टिक ओलांडून चिक्कपेट: पडद्यांची, सोफ्यांची कापडं. जवळच बी. व्ही. के. अय्यंगार रोड, दिव्यांच्या आणि वायरच्या दुकानांनी गच्च. आपल्या मुंबईच्या लोहार चाळीची आठवण करून देणारा. लाकडासाठी म्हैसूर रोडची टिंबर यार्ड लेआउट आणि ग्रॅनाइटसाठी जिगणी, या दोन्ही जागा या मार्गिकेवर नाहीत, पण चुकवू नयेत.

दुकानात गेल्यावर दर विचारायचे आणि तारखेसह लिहून ठेवायचे. तुमची स्वतःची दरवही हे पहिल्या वर्षातलं सर्वांत मोलाचं साधन. कन्नड येत असेल तर काम सोपं होतं; बेळगावकडच्या मुलांना हा फायदा आहे आणि त्यांनी तो मिरवावा. साइटवर मात्र सुतार राजस्थानचा, रंगारी बिहारचा, पीओपीवाला बंगालचा असतो, तेव्हा हिंदीही चालवावी लागते. मापाच्या बाबतीत तर दोन भाषा रोजच: ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये, सुताराचं डोकं इंच-फुटांत. दोन्ही आकडे कागदावर द्यायला काहीच जात नाही.

पैशाविषयी आपण बोलायला लाजतो, म्हणून इथे जरा थांबू. डिझायनर फी तीन तऱ्हांनी घेतो: कामाच्या खर्चावर टक्के, चौरस फुटाला अमुक, किंवा ठोक. समजा घराचं काम 10 लाखांचं आणि फी 8 टक्के. म्हणजे 80,000 रुपये. काम सहा महिने चाललं तर महिन्याला 13,333. त्यातून पेट्रोल, सॉफ्टवेअर, प्रिंट. उघड आहे की एका कामावर पोट भरत नाही, एका वेळी तीन-चार लागतात. आणि एक साइट येलहंकाला, दुसरी इलेक्ट्रॉनिक सिटीला असली तर बंगळुरूच्या रहदारीत एका दिवसात दोन्ही गाठणं हाच पराक्रम. टक्केवारीत आणखी एक गोम आहे. खर्च वाढला की फी वाढते, त्यामुळे गिऱ्हाइकाचे पैसे वाचवणाऱ्या डिझायनरला शिक्षाच होते. ठोक फी, तीही टप्प्याटप्प्याने, नवख्याला जास्त मानवते: संकल्पना मान्य झाली की इतके, कामाची ड्रॉइंग्ज दिली की इतके, आणि बदल किती वेळा फुकट हे आधीच लिहिलेलं.

आणि कमिशन. प्लाय, फरशी, पडदे यांच्या दुकानात गेलात की दुकानदार स्वतःहून विचारतो, तुमचं किती धरू? व्यवसायात हे सर्रास चालतं आणि याविषयी वर्गात बोललं जात नाही. माझं मत रोखठोक आहे. गिऱ्हाइकाकडून सल्ल्याची फी घ्यायची आणि त्याला न सांगता दुकानाकडूनही घ्यायचं, ही लबाडी. ज्याला दुकानाची सूट हवी आहे, त्याने ती बिलातच उतरवून घ्यावी किंवा फी कमी ठेवून हा भाग उघड सांगावा. मोठी बुद्धिमत्ता लागत नाही हे कळायला. पण पहिल्या कामात फी महिन्याला 13,333 पडते, तेव्हा मन डळमळतं, म्हणून ते आधी ठरवून ठेवायचं. फी पुरेशी मागायचं धाडस नसलं की माणूस कमिशनकडे वळतो.

सरकारी बाजू वाटते तितकी किचकट नाही. सेवेची वार्षिक उलाढाल 20 लाखांपर्यंत असेल, तर सामान्यतः जीएसटी नोंदणी लागत नाही. वर सांगितलेल्या यादीत नाव असल्याचा एक फायदाही आहे: अशा व्यावसायिकाला ठरावीक मर्यादेपर्यंतच्या जमेची निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवून वह्या ठेवण्याच्या जाचातून सुटता येतं. 2025 च्या नव्या आयकर कायद्याने कलमांचे आकडे बदलले आहेत, तेव्हा एखाद्या सीएला फी देऊन तासभर विचारून घ्यावं. कंपनीसाठी काम केलं तर ती व्यावसायिक फीमधून टीडीएस कापते. तो बुडालेला पैसा नव्हे, विवरणपत्र भरून हिशेबात धरायचा असतो. उद्यम नोंदणी फुकट होते. ती असेल तर 2006 च्या लघुउद्योग कायद्याप्रमाणे खरेदीदाराने जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यायचे असतात, नाहीतर त्याला चढं व्याज लागतं. मोठ्या कंपन्या बिलं लोंबकळत ठेवतात, तेव्हा पत्रात या कायद्याचा नुसता उल्लेख केलेला बरा पडतो.

उलट बाजूही ध्यानात ठेवावी. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तुम्ही सेवा देणारे आहात. काम रखडलं, ठरलेल्या प्रतीचं झालं नाही, तर गिऱ्हाईक जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ शकतं, आणि मोबदला 50 लाखांपर्यंत असेल तर दाद तिथेच लागते. तोंडी करारही करारच असतो, 1872 च्या कायद्याने. फक्त तो सिद्ध करताना दमछाक होते. म्हणून बैठक संपली की त्याच संध्याकाळी चार ओळींचा मेल: आज काय ठरलं, कोणता रंग, कुणी काय आणायचं, खर्चात किती फरक. व्हॉट्सअॅपवरच्या ‘ओके’वर तीस हजारांचं काम करून बसलेले अनेक जण मला माहीत आहेत.

इंटर्नशिपला जाताना विद्यार्थी प्रसिद्ध नावाच्या मागे लागतात. नाव चांगलंच, पण तिथे सहा महिने नुसते फरशीचे नमुने डब्यात लावायचे असतील, तर चार माणसांच्या एखाद्या स्टुडिओत सुतारापुढे उभं राहणं जास्त कामाचं. आधी लेखी पत्र मागावं: किती महिने, किती मानधन, कोणतं काम.

पोर्टफोलिओत दहा प्रकल्पांची वरवरची चित्रं भरण्यापेक्षा एकच काम मुळापासून दाखवावं: जागेवर घेतलेलं हाताचं मोजमाप, मांडणी, विजेची आणि नळाची ड्रॉइंग्ज, एका जोडाचा मोठ्या मापातला तपशील, बीओक्यूचं एक पान, काम चालू असतानाचे फोटो आणि ठरल्याप्रमाणे न झालेली एखादी गोष्ट व तिच्यावर काढलेली तोड. इतरांच्या कामाबाबत एक काळजी हवी. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात ड्रॉइंग ही कलाकृती आहे. नोकरीत असताना काढलेल्या ड्रॉइंगचा पहिला हक्क वेगळा करार नसल्यास मालकाचा, स्वतंत्रपणे काम केलं तर सामान्यतः तुमचा. म्हणून ऑफिसची परवानगी घेऊन, प्रत्येक पानाखाली ऑफिसचं नाव आणि त्यात आपला वाटा नेमका काय, ते लिहावं: ‘स्वयंपाकघराची कामाची ड्रॉइंग्ज आणि साइटवरची मोजमापं माझी, संकल्पना ऑफिसची.’ गिऱ्हाइकाच्या घराचे फोटो टाकायचे तर त्याचीही संमती आधीच, फीच्या पत्रातच घेऊन ठेवावी. घर सजून तयार झाल्यावर लोक दार लवकर उघडत नाहीत.